मदत हवी आहे: ऊसतोडीवरचा प्रकल्प कसा आखू?

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात बीएच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवतो. यंदा त्यांना सामाजिक प्रश्नावर आर्थिक धोरण सुचवायचा प्रकल्प द्यायचाय. विषय शोधावा लागला नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी गावं रिकामी होतात, कोयत्यामागं (म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीमागं) लेकरंही उसाच्या फडावर जातात नि शाळा सुटते.

अडचण पुढं आहे. उपाय विचारला की पोरं लिहितात, 'सरकारने जनजागृती करावी.' पैसा किती, कुठून, कुणाला, यावर चिडीचूप! त्यांनी दोन उपाय समोरासमोर ठेवून तोलावेत असं वाटतं: आईबाप तोडीला गेले तरी लेकरांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह, की ऐन हंगामात रोजगार हमीची कामं? (हमीचा कायदा १९७७ सालचा, आपल्याच राज्याचा, हे सांगितलं की पोरं चकित होतात.) पण मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, एकरकमी हातात पडते, तीही काम सुरू व्हायच्या आधी. हमीची मजुरी कामानंतर, तुकड्यातुकड्यानं. मग घर कशाला थांबेल? हा हिशेब पोरांना कसा मांडायला लावू?

कुणी गावात सर्वेक्षण करून घेतलंय का? उचलीचा आकडा लोक सरळ सांगत नाहीत, तो आडून कसा विचारायचा? आणि गुण कशाला जास्त द्यावेत, आकडेमोडीला की युक्तिवादाला? नमुना प्रश्नावली असेल तर पाठवा राव.