मलेरियाच्या १४ दिवसांच्या गोळ्या: मोबाईलवर आठवण पाठवली तर लोक कोर्स पूर्ण करतील का?

बाणेरकरीण:
आमच्या सोसायटीच्या मागे टॉवरचं काम चालूय, तिथल्या वॉचमनला जुलैत मलेरिया झाला, व्हायवॅक्स प्रकारचा. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, गोळ्या फुकट मिळाल्या, तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, सहाव्या दिवशी पठ्ठ्या गेटवर हजर. ऑक्टोबरात परत हुडहुडी भरून ताप. त्याच्या बायकोने पत्र्याच्या खोलीतल्या देवाच्या फोटोमागून कागदाची पुडी काढून दाखवली, मी तिथेच मोजल्या, २८ पैकी १८ गोळ्या शिल्लक!! म्हणजे रोज दोन प्रमाणे पाच दिवस घेतल्या आणि सोडल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हायवॅक्सचे जंतू लिव्हरमध्ये दडून बसतात, क्लोरोक्विन फक्त रक्तातले मारतं, दडलेल्यांसाठी प्रायमाक्विन. ते अर्धवट सोडलं की काही महिन्यांनी डास न चावताही परत आजार.

माझं म्हणणं एवढंच की तपासणीच्या वेळी मोबाईल नंबर लिहून घेतातच, मग चौदा दिवस रोज रात्री एक एसएमएस का नाही? लाईटबिल भरा म्हणून येतो, सिलिंडर निघाला म्हणून येतो, गोळी घे म्हणून यायला काय हरकत आहे. उत्तर घानात हे करून बघितलंय, २०१४ मध्ये छापून आलं, हजाराच्या वर पेशंट होते, ज्यांना मेसेज गेले त्यांच्यात कोर्स पूर्ण करणारे जास्त निघाले.

साईटवरचा माणूस:
ताई हेतू चांगलाय तुमचा पण वाघोलीला लेबर कॅम्पवर या एकदा. एका खोलीत सहा जण, फोन तीन, त्यातल्या एकाचा रिचार्ज संपलेला, दुसऱ्याचं सिम गावाकडच्या भावाच्या नावावर, आणि माणूस बदलला की नंबर बदलला, मी हजेरीच्या वहीत महिन्याला निम्मे नंबर खोडतो. उरलेल्यांचा मेसेजचा डबा उघडून बघा, लोन घ्या, रमी खेळा, आणि ओटीपी. त्यात तुमची गोळी कुठे दिसणार. बरं मेसेज मराठीत जाणार आणि पोरं झारखंड, ओडिशाची. त्यातल्या निम्म्यांना हिंदी बोलता येते, वाचता येत नाही.

कोथरूडचा कोडर:
मग आवाजातला कॉल करा ना, त्यांच्या भाषेत. गरोदर बायकांसाठी सरकारचे किलकारीचे कॉल येतातच की. आणि एकतर्फी मेसेजपेक्षा मिस्ड कॉल भारी, टीबीच्या गोळ्यांसाठी ९९डॉट्स म्हणून आहे, गोळी फोडली की पाकिटाच्या आत लपलेला नंबर दिसतो, त्यावर फुकट कॉल द्यायचा, की तिकडे कळतं आज गोळी काढली. मलेरियासाठी असं करणं म्हणजे एका वीकेंडचं काम आहे. एसएमएसच हवा असेल तर टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरलेला मजकूर, आधी रजिस्टर करून घ्यावा लागतो, तेवढी एक कटकट.

कसब्यातला औषधवाला:
पुण्यात एक तरी प्रश्न ॲप काढल्याशिवाय संपतो का 😀

बाणेरकरीण ताई, राग मानू नका, पण तुमच्या गोष्टीतच तुमचं उत्तर आहे. देवाच्या फोटोमागे ठेवलेली वस्तू माणूस विसरत नाही, जपून ठेवतो. त्याने १८ गोळ्या पुढच्या तापासाठी राखून ठेवल्या होत्या. माझ्या काउंटरवर हे रोज दिसतं, अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप घेऊन येतात, "मागच्या वेळच्या उरल्यात, त्याच देऊ का पोराला?" हा विसराळूपणा नाही हो, हिशोब आहे. ताप गेला म्हणजे आजार गेला, मग गोळी कशाला वाया घालवायची. ज्याला पटलेलंच नाही त्याला रात्री नऊला टुंग वाजवून काय होणार?

आणि घानाचं अर्धंच सांगितलंत. फरक पडला पण फार मोठा नाही, आणि तिथे कोर्स तीन दिवसांचा होता, चौदा नाही. शिवाय साध्या आठवणीच्या मेसेजला जास्तीची माहिती जोडून पाहिली तर त्याने आणखी फायदा झाला नाही. म्हणजे मेसेजमधून पटवणं होत नाही, नुसतं टोकणं होतं.

बाणेरकरीण:
फोटोमागचा मुद्दा लागला मला, खरंच तसा विचार केला नव्हता. पण दादा, टोकण्याने थोडा जरी फरक पडत असेल तरी एका मेसेजचे पैसे किती, पैशांतच ना? तुमच्या दुकानात कुणाला "शेवटपर्यंत घ्या" सांगायला तुम्हाला तरी कितीसा वेळ असतो संध्याकाळी सातला?

कसब्यातला औषधवाला:
नसतो. मान्य.
पण एक धोका बघा. प्रायमाक्विन सगळ्यांना चालत नाही, जी६पीडी नावाचं एन्झाइम ज्यांच्यात कमी असतं त्यांचं रक्त फुटायला लागतं, लघवी कोऱ्या चहासारखी काळी होते, तेव्हा गोळी ताबडतोब बंद करून दवाखाना गाठायचा असतो. अशा माणसाला तुमचा मेसेज रोज सांगणार "गोळी चुकवू नका". सरकारी मेसेज म्हणजे साहेबाचा हुकूम समजणारी माणसं आहेत आपल्याकडे. पोटात मुरडा येतो म्हणूनही सोडतात बरेच जण, उपाशीपोटी घेतात ना. मेसेजमध्ये एकच ओळ टाकायची असेल तर "जेवून घ्या" टाका.

ड्युटी संपली:
नर्स आहे, नाईट करून आलेय, शुद्धलेखन माफ. तुम्ही सगळे पेशंटच्याच फोनमागे का लागलात? केनियात मेसेज पेशंटला नाही, आरोग्य केंद्रातल्या स्टाफला पाठवले होते, १०७ केंद्रं, सहा महिने, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०११ ला आलंय. मुलांना मलेरियाचे उपचार ठरल्याप्रमाणे देण्याचं प्रमाण साधारण २४ टक्क्यांनी सुधारलं, म्हणजे शंभरात २४ मुलं जास्त, आणि मेसेज बंद झाल्यावरही सहा महिने टिकलं. पहिला डोस समोर घ्यायला लावा, उलटी झाली का बघा, पुढचे डोस समजावून सांगा, असल्या साध्या गोष्टी. आम्हाला येत नाहीत असं नाही हो, पण ओपीडीत दीडशेव्या पेशंटला तोंडातून शब्द फुटत नाही. त्यावेळी कुणी टोकलं तर मला तरी बरं वाटेल. (सुपरवायझरने टोकलं तर नाही 😄)

साईटवरचा माणूस:
हे पटलं.

पेठेतला शंकासुर:
मूळ दुखणं चौदा दिवस हेच आहे ना? ७ दिवसांत डबल डोसचा कोर्स डब्ल्यूएचओने मान्य केलाय, अमेरिकेत २०१८ ला याच कामासाठी टॅफेनोक्विन या गोळीचा एकच डोस मंजूर झालाय. कोर्स छोटा करा, आठवणच लागणार नाही. लोकांना सुधारत बसण्यापेक्षा गोळी सुधारा.

कसब्यातला औषधवाला:
शंकासुर, त्या दोन्हींना आधी जी६पीडीची टेस्ट जास्तच लागते, कारण डोस मोठा. चौदा दिवसांच्या कोर्समध्ये लघवी काळी दिसली की मध्येच थांबता तरी येतं. एकच डोस एकदा पोटात गेला की गेला, आठवडेच्या आठवडे शरीरात राहतो. वस्तीतल्या दवाखान्यात ती मशीन ठेवा आधी, मग बोलू.

कोथरूडचा कोडर:
म्हणजे तोपर्यंत १४ दिवस आहेतच. आणि तोपर्यंत आठवण लागणारच. माझा मुद्दा तिथेच.

बाणेरकरीण:
अपडेट. दुसऱ्या वेळचा कोर्स मीच लक्ष घालून करून घेतला, एसएमएस नाही, रोज रात्री नऊला सरळ फोन. सहाव्या दिवशी फोनवर म्हणाला "हाँ मॅडम, खा लिया", आणि मी तेव्हा नेमकी त्याच्या खोलीच्या दारात उभी होते, जुने स्वेटर द्यायला गेले होते, पुडी समोर तशीच. तो गेटवर, गोळ्या खोलीत! खोटं बोलायचं म्हणून नाही बोलला, मॅडमला नाही कसं म्हणायचं म्हणून हो म्हणाला. मग दोन दोन गोळ्यांच्या पुड्या बांधल्या आणि डब्यात पोळीवर ठेवायला त्याच्या बायकोला सांगितलं. जेवणाबरोबर आपोआप, मुरडापण नाही. चौदा दिवस पूर्ण झाले.

साईटवरचा माणूस:
मग ताई, मेसेज बायकोला पाठवायचा असं ठरवा, नवऱ्याला नको. कॅम्पवर पण मी बघतो, औषधपाणी बायकाच लक्षात ठेवतात.

बाणेरकरीण:
तिच्याकडे फोन नाही.