मोबाइल वर केला की सगळे शहाण्यासारखे उचलतात! एर्गोनॉमिक्सवाल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका कारखान्यात एर्गोनॉमिक्सचं, म्हणजे काम माणसाच्या शरीराला सोसेल असं करण्याचं, काम बघतो. लाइनच्या सुरुवातीला पॅलेटवरून १४ किलोचे खोके उचलून कन्व्हेयरवर ठेवायचे असतात. कंबरदुखीच्या तक्रारी तिथूनच जास्त येतात, म्हणून व्हिडिओ काढून 'रेबा'चे (कामाच्या वेळची शरीराची ठेवण किती धोक्याची, ते मोजणारी पद्धत) स्कोअर काढायला घेतले. तर मोबाइल वर केला की सगळे पाठ ताठ ठेवून, गुडघ्यात बसून, अगदी पोस्टरमधल्यासारखे उचलतात. मी जरा बाजूला झालो की पुन्हा कमरेतून वाकणं सुरू. (लपून शूटिंग करा असं कृपया सुचवू नका, ते करणार नाही.) त्यांना दोष देत नाही. इथे पूर्वी कोणी घड्याळ घेऊन उभं राहिलं की मागोमाग टार्गेट वाढलेलं आहे.

आता मॅनेजरसाहेब तेच व्हिडिओ दाखवून म्हणतात, "जमतंय की सगळ्यांना! ट्रेनिंग द्या, कमरेचे पट्टे वाटा. लिफ्ट टेबल कशाला?" धडधाकट माणसाची इजा पट्ट्याने टळते याला पुरेसा पुरावा नाही, हे अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षिततेवर आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९९४ मध्येच सांगितलंय. पण ऐकतंय कोण!

मग किती वजन उचलणं ठीक, याची मर्यादा काढायचं नायॉशचंच १९९१ चं सूत्र लावलं. त्यात पाठ ताठ की वाकलेली हे धरतच नाहीत, हात कुठे पोचतात ते बघतात. सुरुवात २३ किलोपासून, मग त्याला एकेका गुणकाने गुणायचं. खालच्या थराला हात जमिनीपासून १५ सेंमीवर, गुणक ०.८२. पलीकडच्या रांगेला हात घोट्यांपासून ५० सेंमी पुढे, गुणक ०.५. इथेच मर्यादा साडेनऊ किलोच्या खाली आली. कंबरेतून वळणं, मिनिटाला किती खोके, हे अजून धरलेलंच नाही. शिवाय खोका रुंद असला की गुडघ्यात बसल्यावर गुडघेच मध्ये येतात आणि तो आणखी लांब जातो. लिफ्ट टेबल, म्हणजे उंची कमीजास्त होणारं, आणि तेही फिरणारं, मिळालं तर हात ७५ सेंमी उंचीवर आणि ३० सेंमी अंतरावर येतील, आणि हेच दोन गुणक धरून मर्यादा १९ किलोपर्यंत जाईल.

साहेबांचं उत्तर: "ही थिअरी झाली."

तुमच्यापैकी कोणी असं टेबल मंजूर करून घेतलंय का? गैरहजेरीचे आकडे पुढे केले, की एका स्टेशनवर भाड्याने आणून दाखवलं? आणि शूटिंगबद्दल कामगारांची भीती कशी घालवलीत? क्लिप आधी त्यांनाच दाखवायची, चेहरे झाकायचे, टार्गेटसाठी वापरणार नाही असं व्यवस्थापनाकडून लेखी घ्यायचं, एवढं सुचलंय. यातलं खरोखर काय चालतं?