पिक्सी डस्ट पास आमचा, सूट हवी साडूंना: सल्ला द्या

भरउन्हात
मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही ऑर्लँडोपासून चाळीस मिनिटांवर राहतो. मी, बायको आणि सात वर्षांची लेक, तिघांकडे डिस्नी वर्ल्डचा पिक्सी डस्ट हा वर्षाचा पास आहे. फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना मिळतो तो, चार पासांतला सगळ्यात स्वस्त. ही बातमी न्यू जर्सीत एडिसनला पोचली. आता साडू, मेहुणी, त्यांचा मुलगा (९), मुलगी (अडीच) आणि मिरजेहून त्यांच्याकडे आलेल्या सासूबाई असे पाच जण २४ ते २९ डिसेंबर आमच्याकडे येतायत. साडूंचा रोज एक मेसेज असतो: 'तुमच्या पासवर आम्हाला काय काय मिळेल?' तिकिटांसकट बजेट ८०० डॉलर. एकच दिवस, एकच पार्क, मॅजिक किंग्डम.

प्रश्न असे: पासवर त्यांच्या तिकिटांना सूट मिळते का? दुकानातली २० टक्के आणि खाण्यावरची १० टक्के सूट त्यांच्या खरेदीला लावता येते का? आणि येत असेल तर मला दिवसभर कार्ड घेऊन त्यांच्या मागे फिरावं लागेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या.

टॅम्पाची_मावशी
डिस्ने कशाला? आमच्याकडे या, टॅम्पाला. बुश गार्डन्स या पार्कचा पास आहे आमचा, वरच्या दर्जाचा. त्यावर ठरावीक महिन्यांत पाहुण्यांसाठी चक्क फुकट तिकिटं मिळतात. मागच्या वर्षी नणंदेच्या घरचे चौघं नेले, दमडी लागली नाही. आणि तिथला तो रोलर कोस्टर, आयर्न ग्वाझी! २०६ फूट! मी स्वतः दोनदा बसले, वय विचारू नका.

भरउन्हात
मावशी, सासूबाईंना लिफ्टमध्येसुद्धा चक्कर येते हो. आणि पास टॅम्पाचा नाही, डिस्नीचा आहे.

टॅम्पाची_मावशी
मग घ्या की टॅम्पाचा.

साधं_वरण
डिस्नीचाच सगळ्यात वरचा, इन्क्रेडी पास घ्या आणि मोकळे व्हा. आम्ही दरवर्षी घेतो. दीड हजाराच्या पुढे जातो माणशी, पण एकही दिवस बंद नसतो, तुमच्या त्या पिक्सीसारखी कटकट नाही. मी तर कधी कधी नुसता जेवायला जातो एपकॉटला, त्यांच्याच दुसऱ्या पार्कात.

भरउन्हात
वरण, बजेट ८०० आहे. सगळ्यांचं मिळून.

साधं_वरण
बजेटचं म्हणाल तर एकदाच काय तो खर्च होतो.

बाळू_कॅलिफोर्नियावाला
फ्लोरिडाचं ते नुसतं अवाढव्य आहे. मूळ पार्क आमचं, अ‍ॅनाहाइमचं, १७ जुलै १९५५ ला उघडलेलं. वॉल्ट स्वतः तिथं वावरलेला. तुमचं उघडलं १९७१ ला, तोवर तो गेला होता. आमची दोन्ही पार्कं समोरासमोर, चार पावलांवर. तुम्हाला एका पार्कातून दुसऱ्यात जायला बस नाहीतर मोनोरेल.
अवांतर: त्याला डिस्ने म्हणावं की डिस्नी, एकदा ठरवा.

अळूवडी
डिस्नी. अमेरिकेत राहून डिस्ने म्हणणाऱ्यांना दंड करायला हवा.

टॅम्पाची_मावशी
आम्ही दूरदर्शनवर रविवारी डिस्ने बघत मोठे झालो. डिस्नेच.

नियमबाबा
मूळ विषयावर येतो. पास ज्याच्या नावावर, त्याच्यापुरताच. दुसऱ्याला देता येत नाही, सख्ख्या भावालाही नाही. गेटवर बोट टेकवायला लावतात ते त्याचसाठी. सूट पास आणि फोटो आयडी दाखवल्यावर मिळते, म्हणजे गल्ल्यापाशी पासवाला स्वतः उभा हवा. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, फिरावं लागेल.
दुकानातली सूट स्वतःच्या वापरासाठी आणि भेट देण्यासाठी आहे. विकायला माल नेणाऱ्यांचे पास रद्द झालेले आहेत.
तिकिटांवर कायमची सूट नाही. अधूनमधून पासवाल्यांसाठी 'मित्राला आणा' छापाच्या ऑफर येतात, त्या अ‍ॅपमध्ये आणि ईमेलमध्ये कळतात. पण नाताळच्या आठवड्यात आशा ठेवू नका.

पेढेघाट
बोटावरून आठवलं. नाव घेत नाही, फ्लोरिडातलंच एक पार्क. आमच्या मेव्हण्याला वाटलं माझं कार्ड घेऊन आत शिरता येईल, तोंडावळा सारखा आहे म्हणे (नाहीये, त्याला टक्कल आहे). बोट टेकवलं, दिवा निळा. पुसून परत टेकवलं, परत निळा. गेटवरच्या मुलीने हसत हसत टॅबलेटवर फोटो काढला आणि स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. फोटोत मी, गळ्यात फुलांची माळ, कारण पास लग्नाच्या वाढदिवशी काढला होता. मागे तीसेक माणसं रांगेत. मेव्हणा म्हणाला, 'ओह, राँग कार्ड.' मी दहा फुटांवर कचऱ्याच्या डब्याकडे एकटक बघत उभा होतो. पास वाचला, पण कार्ड हातात पडेपर्यंत अर्धा तास ऑफिसात बसवलं होतं.

अळूवडी
ठ्ठो!

नियमबाबा
हसू नका, फसवणूक आहे ती.

पेढेघाट
बाबा, म्हणून तर सांगतोय. सल्ल्याच्याच धाग्यात सांगतोय.

दादरच्या_आजी
मला पासचं काही कळत नाही. पण लेकाकडे आले होते तेव्हा गेलो होतो आम्ही मॅजिक किंग्डमला. तिथं घरचं खाणं नेऊ देतात हे तुमच्या साडूंना कुणी सांगितलं का? मी दुधातल्या दशम्या, मेथीचे ठेपले आणि तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. सहा माणसांचं दुपारचं भागलं. तिथं बर्गर घ्यायला गेलात तर १० टक्क्यांची सूट घेऊन काय करणार? फक्त लोणचं काचेच्या बरणीत नेऊ नका, काच चालत नाही.

दोनाचे_चार
आजींना अनुमोदन. कुलरसुद्धा चालतो, २४ बाय १५ बाय १८ इंचांच्या आतला. सुटा बर्फ नको, बर्फाचे पॅक घाला. आणि खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात, बाटली विकत घेऊ नका.

अडीच वर्षांच्या मुलीला तिकीट लागत नाही, तीनच्या आत फुकट. नऊचा मुलगा लहानांच्या तिकिटात बसतो, पण भेटीच्या दिवशी दहा पूर्ण झाले तर मोठ्याचं. लहान-मोठ्यात फरक पाच-दहा डॉलरांचाच, आपल्या एसटीच्या हाफ तिकिटासारखा नाही. नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंग्डमचं एका दिवसाचं तिकीट दोनशेच्या घरात असतं. चार तिकिटं म्हणजे बजेट तिथंच संपलं.

आणि भरउन्हात, कुणीच विचारत नाहीये म्हणून मी विचारते. पिक्सी डस्टला ब्लॉकआउट तारखा, म्हणजे पास न चालणारे दिवस, असतात ना? नाताळात तुम्ही स्वतः आत जाणार कसे?

भरउन्हात
थांबा, अ‍ॅप उघडतो.

साधं_वरण
मी वर हेच म्हणालो होतो.

भरउन्हात
अहो, सगळे चौकोन राखाडी आहेत. नाताळच्या आधीपासून ते नवीन वर्षापर्यंत. पास मी जुलैत काढला होता, तेव्हा डिसेंबर कोण बघतो? बायको म्हणतेय, 'मी तेव्हाच म्हणाले होते.' ती तेव्हा काही म्हणाली नव्हती.

दोनाचे_चार
फरक भरून वरचा पास घेता येतो. पण मधले दोन, पायरेट आणि सॉर्सरर, तेही नाताळात बंद. उरतो इन्क्रेडी. तिघांचा फरक म्हणजे साडूंच्या बजेटच्या कितीतरी पट.

साधं_वरण
मी वर हेच म्हणालो होतो.

मुलुंडकर_इन_एक्झाइल
आमचा अनुभव वेगळा आणि जास्त कटू आहे. प्रश्न सूट मिळण्याचा नाही, पैसे कोण देतं त्याचा आहे. आमच्याकडे चुलतभाऊ सहकुटुंब आला होता. डिस्नी स्प्रिंग्जला, म्हणजे डिस्नीच्या बाजारपेठेत, वर्ल्ड ऑफ डिस्नी या दुकानात शिरले, प्रत्येकाच्या हातात बास्केट. 'तुझ्या पासवर टाक रे, २० टक्के वाचतील.' बिल झालं ६१२ डॉलर. माझ्या कार्डावर. सूट बघून वहिनींनी शेवटी आणखी तीन मग टाकले, 'एवढे वाचलेतच तर.' पैसे नंतर देतो म्हणाला. आज तीन वर्षं झाली. परवा त्याने फेसबुकवर फोटो टाकला, त्याच मगात चहा पितोय.
सल्ला: आधी झेलवर (Zelle, फोनवरून पैसे पाठवायची सोय) पैसे पाठवायला सांगा, मग कार्ड काढा.

अळूवडी
मगाला +१. आमच्याकडे मिकीच्या कानांच्या टोप्या होत्या. ६ टोप्या.

कोथरूडची_चिमणी
पार्किंगचं कुणी बोललं का? थीम पार्कचं पार्किंग पासवाल्याला फुकट. एरवी गाडीला तीसेक डॉलर पडतात. सूट माणशी नसून गाडीमागे असते, म्हणजे गाडीत बसलेल्या सगळ्यांचा फायदा.
अवांतर: आम्ही इमॅजिकाला जातो, खोपोलीला. पास काढलेला नाही, पण एक्स्प्रेसवेवरचा वडापाव खाऊन जातो.

नियमबाबा
आठ माणसं एका गाडीत बसवणार? पाच पाहुणे, तीन तुम्ही. त्यात कारसीट.

भरउन्हात
मिनीव्हॅन आहे. आठ सीट. पण मुळात आम्ही आतच जाऊ शकत नाही, बाबा.

एडिसनचा_एकनाथ
एडिसनकर म्हणून सांगतो, तुमचे साडू कोण ते मला बहुतेक कळलं आहे, पण बोलत नाही. त्यांना सांगा, किसिमीच्या १९२ हायवेवर स्वस्त तिकिटांच्या टपऱ्या दिसल्या तर गाडी थांबवायची नाही. आम्ही थांबवली होती. तिकिटं स्वस्त, अट एवढीच की 'फक्त नव्वद मिनिटं' एक सादरीकरण ऐकायचं. साडेतीन तास टाइमशेअर (सुटीच्या घरात वाटा विकायची योजना) ऐकला. नाश्ता दिला, संत्र्याचा रस दिला, तिसऱ्या मॅनेजरने खांद्यावर हात ठेवला. बायको रडायच्या बेतात. अजून फोन येतात.

नियमबाबा
आणि कुणी 'चार दिवसांच्या तिकिटातले दोन दिवस उरलेत, स्वस्तात देतो' म्हणालं तर तेही घेऊ नका. एकदा वापरलेलं बहुदिवसीय तिकीट विकणं फ्लोरिडात गुन्हा आहे, कलम ८१७.३६१. शिवाय तिकीट पहिल्याच्या बोटाला बांधलेलं असतं, तुमचं बोट चालणार नाही.

पेढेघाट
बोट म्हटलं की मला घाम फुटतो.

टॅम्पाची_मावशी
म्हणून म्हणते, टॅम्पाला या.

दोनाचे_चार
मला सुचतं ते असं. तारीख बदलता येत असेल तर जानेवारीत सुट्ट्या संपल्यावरचे मधले वार घ्या. तेव्हा तुमचा पास चालेल आणि तिकीटही स्वस्त पडेल. तुम्हाला पार्कचं रिझर्वेशन लागतं का ते कॅलेंडरवर बघा. पासवाल्यांना काही दिवशी लागतं, तारखेचं तिकीट काढणाऱ्या पाहुण्यांना लागत नाही. तारीख बदलत नसेल तर पार्क विसरा. एक संध्याकाळ डिस्नी स्प्रिंग्ज करा. तिकीट नाही, पार्किंग फुकट, नाताळची रोषणाई असते, पास दाखवून खरेदी करा आणि वर मुलुंडकर म्हणाले तसे पैसे आधी घ्या. सासूबाईंना बसायला बाकं आहेत.

कोथरूडची_चिमणी
छान सुचवलंत. मीपण हेच लिहिणार होते.

बाळू_कॅलिफोर्नियावाला
आमच्याकडे अशा वेळी...

अळूवडी
बाळू, नको.

(चार दिवसांनी)

भरउन्हात
सगळ्यांचे आभार. दोनाचे चार यांचा बेत बायकोला पटला, मलाही. साडूंना फोन लावला. जानेवारीचं म्हटल्यावर ते म्हणाले, मुलाची शाळा. डिस्नी स्प्रिंग्जचं म्हटल्यावर म्हणाले, 'म्हणजे मॉलच ना? मॉल एडिसनला आहे.' टॅम्पाचं म्हटलं तेव्हा सासूबाईंनी मागून विचारलं, 'तिथं तो उंदीर आहे का?' तिथं टॅम्पा संपलं.

काल रात्री मेहुणीने परस्पर २६ डिसेंबरची मॅजिक किंग्डमची चार तिकिटं काढली. पूर्ण भावात, कुणाचीही सूट न लावता. ८०० ओलांडले. साडू म्हणाले, 'जाऊ दे, सासूबाई काय रोज येतात का.' महिनाभर माझ्या पासमागे लागलेला माणूस हा.

आम्ही तिघं घरी. मी सकाळी साडेसहाला त्यांना पार्किंगच्या अलीकडच्या ड्रॉप-ऑफला सोडणार, तिथून ते फेरीबोटीने जातील, सासूबाईंना बोट आवडते. लेक मात्र रुसली आहे. पास तिचाही आहे आणि उंदराला भेटणार आजी.

साधं_वरण
इन्क्रेडी घेतला असता तर.

दादरच्या_आजी
दशम्या किती करणार आहात? माणशी तीन धरा. आणि लोणचं प्लास्टिकच्या डबीत, विसरू नका.

भरउन्हात
आजी, सासूबाईंनी मिरजेहून आणलेली आंब्याच्या लोणच्याची बरणी काचेची आहे. ती इकडे येतेय. डबीत काढायला त्या तयार नाहीत, तेल बदललं की चव जाते म्हणतात. यावर कुणाकडे काही उपाय?

टॅम्पाची_मावशी
स्टीलचा डबा. आमच्याकडे आहे एक, न्यायला या.