कातळशिल्पांचं नेमकं ठिकाण नकाशावर टाकावं का?

सडेफिरा
चार वर्षं झाली, सुट्टी मिळाली की राजापूर-लांज्याकडचे सडे, म्हणजे उघडी कातळाची पठारं, पालथे घालतो. त्या कातळात जमिनीवरच कोरलेली जुनी चित्रं, म्हणजे कातळशिल्पं, शोधायची. गुराख्यांना विचारायचं, गवत बाजूला करून मापं घ्यायची, फोटो टाकायचे. सोबत नकाशावरचं नेमकं ठिकाणही देत होतो. आता देणार नाही. गेल्या महिन्यात एका सड्यावर गेलो तर माशाच्या चित्राच्या खाचांत पांढरा ऑइलपेंट भरलेला! फोटोत उठून दिसावं म्हणून. घासून काढावा तर जांभा दगडच झिजतो. माझीच पोस्ट वाचून लोक तिथे पोचले होते. यापुढे गावाचं नाव देईन, वाट मात्र गावातल्या माणसाने दाखवावी.

राजापूरची लेक
रंगाचं वाचून वाईट वाटलं. पण बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापणारं मशीन फिरलं की काय उरतं, ते आम्ही बघितलंय. आमच्या सड्यावर तीन चित्रं होती. पांडवांनी एका रात्रीत काढली, असं आजी सांगायची. सातबाऱ्यावर बावीस नावं, निम्मे जण मुंबईला. जमीन खाणीला गेली तेव्हा चित्रांचा विषयसुद्धा निघाला नाही. आज तिथे खड्डा आहे. हरकत घ्यायची तर दाखवायला एक फोटो नव्हता. 2022 मध्ये कोकणातली आणि गोव्यातली मिळून कातळशिल्पांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे ही नावं आज बाहेरच्यांना ठाऊक आहेत, कारण कुणीतरी पायपीट करून ती लोकांपुढे आणली. लपवलेल्या चित्राला वाली कोण?

सडेफिरा
लपवा असं मी म्हणत नाही. ग्रामपंचायतीत, तलाठ्याकडे, पुरातत्त्व खात्यात नेमकी नोंद हवीच. पण फोनवर बोट दाबून कुणीही थेट चित्रावर गाडी नेऊन उभी करावी, हे नको. सड्याला ना कुंपण ना राखणदार.

शाळामास्तर
गाडीचं सोडा, पायांचं काय? कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं कोरलेली आहेत. जवळ उभं राहिलं तर तो हत्ती आहे हेच कळत नाही. माहिती नसलेला माणूस सरळ त्याच्यावरून चालत जाणार. म्हणून आधी कठडा आणि फलक, मग नकाशा, असं माझं मत.

आणखी एक, जरा विषय सोडून. "मी शोधलं" असं लिहिणं थांबवा. ज्या गुराख्याने तुम्हाला तिथवर नेलं, त्याच्या बापालाही ते ठाऊक होतं. त्याला विचारून त्याचं नाव लिहा.

सडेफिरा
मान्य. माझ्या जुन्या पोस्टमध्ये ही चूक आहे, दुरुस्त करतो.

राजापूरची लेक
मास्तर, कठड्याला पैसे कोण देणार? फलक लागेपर्यंत खाण थांबेल का? फाइलीतली नोंद कुणी उघडून बघत नाही. हजार माणसांनी बघितलेलं चित्र फोडताना मात्र मालकही दहादा विचार करतो. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक चित्र अजून शाबूत आहे. मे महिन्यात सगळे हिस्सेदार गावी येतील, तेव्हा त्यांच्यापुढे विषय काढणार आहे. ते हो म्हणाले तर फोटो टाकीन, ठिकाणासकट.

सडेफिरा
मापं घ्यायला मी येतो. ठिकाण टाकायला माझा विरोध आहेच, तो हिस्सेदारांसमोरही सांगेन.