अनुभव धागा : शेजारचं म्हातारं माणूस आणि एकटं पोर

ओसरी
खेड्यात वाढलेलं पोर एकटं होतं म्हटलं की लोकांना पटत नाही. गावात कसलं आलंय एकटेपण, सगळं गाव आपलंच असतं, असं ऐकवतात. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. बदली झाली की नवं गाव, आणि तिथं मी 'बाईंची मुलगी'. खेळायला घ्यायचं नाही कुणी, कारण मला लागलं तर बाई मारतील. बाई खरंच मारायच्या. अशा पोरांना गावात एखादी म्हातारी किंवा म्हातारा सापडतो आणि मग दिवस सरायला लागतात. त्याबद्दल लिहा.

सख्खे आजी-आजोबा नकोत, शेजारचे हवेत. नावं टाकू नका, तालुक्यापर्यंत सांगितलं तरी पुरे. आणि 'फार माया केली' एवढ्यावर थांबू नका, तिथं जाऊन करायचात काय तेही सांगा. माझ्या मते ही मैत्री मायेपेक्षा कामावर उभी असते. म्हाताऱ्या माणसाला कुणाचे तरी डोळे आणि पाय हवे असतात, आणि पोराला हवं असतं की कुणीतरी हाक मारून काहीतरी सांगावं. पटत नसेल तर खोडून काढा.

सडा
खोडत नाही, उलट पुरावाच देते.

दापोली तालुका. वडील लालबागला गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. खोलीचं भाडं तटलं तशी आईनं आम्हाला घेऊन गाव गाठलं. वडील मात्र तिकडंच राहिले, आज मिटेल उद्या मिटेल म्हणत. चाळीत दार उघडलं की दहा पोरं असायची. इथं वाडीतली घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, ती हाकसुद्धा मोठ्यानं मारली तर ऐकू जाणार. शाळेत माझ्या बोलण्याला हसायचे, म्हणून मी बोलणंच बंद केलं.

वरच्या घरात एक आजी एकटी राहायची. तिचाही मुलगा गिरणीत. पहिल्या दिवशी तिनं माझं नाव विचारलं नाही, हातात काठी आणि रिकामा डालडाचा डबा दिला. "वांदर आले की वाजव गो बाय." अंगणात रातांब्यांची (कोकमाच्या फळांची) सालं वाळत घातली होती, त्यांची राखण. मग हळूहळू वरची कामं मिळाली. रातांबा फोडायचा, सालं एका बाजूला, गर आणि बिया दुसऱ्या. गराचा रस काढून त्यात मीठ घालायचं. सालं त्यात बुडवून उन्हात पसरायची, वाळली की परत रसात, परत उन्हात, पार काळी होईपर्यंत. बियांनाही सुट्टी नसे. त्या धुऊन वाळवून ठेवायच्या आणि पावसात, बाहेरची कामं नसतील तेव्हा, फोडून आतला गर कुटायचा. तो पाण्यात उकळला की तेल वर येतं आणि गार झालं की थिजतं. ते मुठीत दाबून गोळे करायचे. आजी ते मुठेल निखाऱ्यावर पातळ करून टाचांच्या भेगांत भरायची आणि उरलेलं माझ्या कोपरांना फासायची.

तिला वाचता येत नव्हतं. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक तुकडा असायचा, त्यावर दोन ओळी लिहिता यायच्या. पोस्टमन पैसे देऊन तो तुकडा फाडून द्यायचा. तिनं असे सगळे तुकडे बिस्किटाच्या डब्यात ठेवलेले. संपामुळे मनीऑर्डरी थांबल्या, तर तिनं जुने तुकडे माझ्याकडून वाचून घ्यायला सुरुवात केली. बहुतेकांवर एकच मजकूर : 'मी खुशाल आहे. पैसे पोचल्याचे कळवणे.' मी एकदा कंटाळून म्हटलं, आजी, सगळ्यात तेच आहे. ती म्हणाली, "तेच कसा असेल? एकात गणपतीला येतो म्हणून लिवलंय, तो काढ." आणि खरंच होतं. शाईचा डाग पडलेला होता, त्यावरून ती ओळखायची. मग तो तुकडा वर ठेवायची सवयच लागली मला.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तिचा मुलगा पुढं भाजीच्या गाडीवर लागला, माझे वडील गावी परत आले. मी बोलायला लागले ते त्या डब्यातलं वाचून वाचून, असं आई म्हणते. मला वाटतं वांदरांवर ओरडून.

बांध
सातारा, कोरेगाव तालुका. आमचं थोडं वेगळं आहे, कारण माझ्या दोस्ताचं आणि माझ्या वडिलांचं कोर्टात भांडण होतं. बांध कुणी कोरला, हा वाद. दोन्ही घरांत बोलणं बंद.

मी अडखळत बोलायचो. वर्गात 'क' आला की पोरं मोजायला लागायची. बांधापलीकडचे तात्या बैलांशी दिवसभर बोलत असायचे आणि बैल काही घाई करायचे नाहीत. म्हणून मी तिकडं जायला लागलो. वैरण टाकणं, शेण भरणं, गोचिडी काढणं. गोचीड ओढून काढायची नाही, आधी गोडंतेल लावायचं, हे त्यांचं शिकवणं. (जनावरांचे डॉक्टर आता वेगळं सांगतात, ते खरं धरा.) मी बोलताना अडलो तर ते वाक्य पुरं करून द्यायचे नाहीत. तंबाखू मळत बसायचे. जगात एवढीच एक माणसानं करायची गोष्ट होती आणि ती बाकी कुणालाच जमत नव्हती.

वडिलांना माहीत नव्हतं असं नाही. तालुक्याला तारीख असली की ते दोघं एकाच एसटीनं जायचे, एक पुढं, एक मागं. एकदा तात्या मला म्हणाले, "बापाला सांग, उद्या वकील सुट्टीवर हाय, उगं हेलपाटा नको." मी सांगितलं. वडिलांनी मान हलवली आणि गेले नाहीत. निकाल लागायच्या आत तात्या गेले. केस वारसांनी चालवली, तीही रटाळ.

कोयता
बीड, केज तालुका. वरचं वाचून लिहायला बसलोय.

दसरा-दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. लेकरं सोबत नेली तर शाळा बुडते, ठेवली तर आजीपाशी. माझी आजी मी चौथीत असताना वारली. आईनं मला सोबत न्यायचं ठरवलं होतं, पण शेजारचा म्हातारा मध्ये पडला. "ठिवा त्याला. मला बी कुणी न्हाई." त्याचं आयुष्य फडात गेलेलं, डोक्यावर मोळ्या वाहून मणका गेलेला. पोरगा-सून टोळीत.

दिवाळीनंतर आमची गल्ली पाहिली नसेल तर सांगून कळणार नाही. ओळीनं कुलपं. संध्याकाळी धूर निघतो तो तीन-चार घरांतून, म्हातारी माणसं आणि आमच्यासारखी पोरं.

काम विचारलंय म्हणून सांगतो. हापशावरून पाणी माझं, चूल त्याची. त्याला भाकरी थापता यायची नाही, एका बाजूला जाड एका बाजूला पापड. शेवटी मीच शिकलो, परातीत पीठ पसरून, पहिले दोन महिने तुकडेच पडायचे. शेळ्या दोघांच्या. शाळेतून आलो की तो मला फडातल्या गोष्टी सांगायचा, पण मौजेच्या नव्हे. रात्री दोनला ट्रक आला की उठून मोळ्या कशा भरायच्या, फळीवरून चढताना पाय कुठं द्यायचा, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून चार पैसे कसे सुटतात. मला वाटायचं हा मला तयार करतोय. मग एक दिवस म्हणाला, "हे सगळं ऐकून ठिव, म्हंजी कळंल तुला का शिकायचंय."

गावात किराणा दुकानात एक फोन होता. आठवड्यातून एकदा तिकडून फोन यायचा, पैसे वाचवायला मिनिटभर. आई विचारायची जेवला का, मी हो म्हणायचो, संपलं. म्हातारा बाहेर उभा राहायचा. परत येताना सगळं सविस्तर विचारायचा, जणू तासभर बोलणं झालंय, आणि मी तासभराचं सांगायचो.

आता अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघतात, गावातच जेवणाची सोय. कुठं चांगली चालतात, कुठं कागदावर. मी स्वतः शिक्षक आहे, यादी करायला घरोघर जातो. पहिला प्रश्न हाच असतो, शेजारी कोण आहे.

कडुनिंब
रंगाचा बेरंग करत नाही, पण धाग्यात हेही असावं. आमच्या आळीतल्या एका आजोबांकडं आई मला जाऊ द्यायची नाही. सगळी पोरं गोळ्या खायला जायची, मी एकटी घरी. फार राग यायचा. कारण कळलं ते कॉलेजात असताना, एका मैत्रिणीकडून. तेव्हा शेजारी म्हातारा आहे म्हणजे भलाच असणार, असं धरून चालू नका. त्या काळीही आया डोळे उघडे ठेवून होत्या, बोलत नव्हत्या एवढंच.

ओसरी
बरं केलंत लिहिलंत. हा प्रतिसाद वर हवा.

पोदेरवाट
गोवा, बार्देश. वडील सरकारी नोकरीत, बदलीवर घाटावरून आलेले. मला कोंकणी येत नव्हती आणि शेजारच्या मायला मराठी कळायची पण बोलायची नाही. तिचे दोन मुलगे बोटीवर, मुलगी कुवेतला. एवढं मोठं घर, शिंपल्यांच्या खिडक्या, आणि आत ती एकटी.

माझं काम सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की धावत जाऊन पाव आणायचे. तिला पोळी (गव्हाची, कोंडा लावलेली, मध्ये पोकळ) आणि चहासाठी कडक काकणं. उंडे आणले तर परत पाठवायची. "यो गो बाये, बस," म्हणून एक काकण माझ्यासमोर ठेवायची, आणि मग कोंबड्यांनी अंडी कुठं कुठं घातलीत ते शोधायला पिटाळायची.

दिवाळीला आई तिच्याकडं पाच प्रकारचे फोव (पोहे) पाठवायची. नाताळात तिच्याकडून ताट यायचं, त्यात नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं. दोदोल ढवळायला मला बसवायची : नारळाचा रस, काळा गूळ, तांदळाचं पीठ. हात थांबला की खाली लागतं. हात दुखतो म्हटलं तर स्वतः ढवळायची आणि कुवेतच्या मुलीला शिव्या घालायची, मला नव्हे. वाड्यावरच्या खुरसापाशी (क्रूसापाशी) लादाईन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, झालं की उकडलेले चणे वाटायचे. तिथं ती मला पुढं ढकलायची, कारण पुढच्यांना जास्त मिळायचे. प्रार्थना संपेपर्यंत गप्प बसणं हेही कामच होतं, आणि सगळ्यात अवघड.

निवृत्त वाहक
नगर जिल्हा, पारनेर तालुका. मी या धाग्यात म्हाताऱ्याच्या बाजूनं लिहितो आहे, चालेल ना?

एसटीत कंडक्टर होतो. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून नगरला आली, त्या रस्त्यावर माझी निम्मी नोकरी झाली. बायको गेल्यापासून एकटा. २०२० च्या टाळेबंदीत शेजारच्यांचा नातू पुण्याहून आला, आठ-नऊ वर्षांचा. गावातली पोरं त्याच्याजवळ जाईनात, पुण्याहून रोग घेऊन आला म्हणून. शाळा मोबाइलवर, आणि रेंज आमच्या आळीत फक्त माझ्या गच्चीवर. म्हणून तो माझ्याकडं. मायाबिया काही नव्हती, रेंज होती.

शाळा संपली की खाली यायचा. माझ्याकडं जुना तिकिटांचा ट्रे आणि पंच होता. निरनिराळ्या दरांच्या गड्ड्या, बोटानं तिकीट फाडायचं, पंचानं टप्प्यावर भोक पाडायचं. मशीन आल्यावर ते सगळं अडगळीत गेलं. त्याला दिलं. त्यानं घरातल्या प्रत्येक खोलीला थांबा केलं आणि मला सुट्टे नसल्याबद्दल दारात उतरवलं. हिशेब मात्र मी पक्का करून घेतला. कॅश आणि तिकिटं जुळल्याशिवाय जेवायला जायचं नाही, हा डेपोचा नियम.

आई-वडिलांची कामं नंतर तिकडं नीट बसली नाहीत, तो गावातच राहिला. आता गावात दोस्त पुष्कळ आहेत, माझ्याकडं रोज येत नाही, आणि तेच बरोबर आहे. ओसरीताईंचं म्हणणं अर्धं पटतं. काम असतं म्हणून पोरगं येतं, पण काम संपल्यावर आलं तर त्याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही. परवा आला तो भांडायला. माझं लाइट बिल मोबाइलवरून भरतो म्हणतो. मी म्हणालो, पावती कुठाय? तो म्हणतो, आजोबा, मोबाइलमध्येच. मी म्हणालो, छापील आण. त्यानं तालुक्यावरून प्रिंट काढून आणली आणि पाच रुपये मागितले. दिले, पण सुट्टे मोजून घेतले.