मदत हवी आहे: हरणारी मॅच पोराला शेवटपर्यंत कशी बघायला लावू?

मुलगा दहा वर्षांचा. आपल्या चार विकेट पडल्या की टीव्ही बंद. "बाबा, हरणारच आहेत, कशाला बघायचं?" त्याला 2001 ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरची टेस्ट सांगून झाली: फॉलोऑन (मोठ्या पिछाडीमुळे लगेच पुन्हा बॅटिंग), लक्ष्मणचे 281, द्रविडचे 180, शेवटी 171 धावांनी विजय. म्हणतो, "जिंकले म्हणून सांगतोस!" बरोबरच आहे म्हणा.

मला खरं तर 1991 ची रणजी फायनल सांगायचीय. वानखेडेवर हरियाणाविरुद्ध मुंबईला 355 हवे होते. वेंगसरकर 139 वर नाबाद राहिले आणि आपण 2 धावांनी हरलो. माझे वडील ती हार आजही रंगवून सांगतात. पण नातू मध्येच उठून जातो. तुमच्या घरी काय करता? की आग्रह धरूच नये?