विषय: स्टेप १ची तारीख आणि साचलेलं साहित्य

सभासद, एडिसन:

सर्व डॉक्टर मंडळींना नमस्कार,

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून एमबीबीएस, इंटर्नशिप पूर्ण, लग्नानंतर एच-४वर (जोडीदाराच्या व्हिसावर) इथे अमेरिकेत आले. यूएसएमएलईची, म्हणजे इथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेची, तयारी चालू आहे. फर्स्ट एड हे उजळणीचं पुस्तक एकदा वाचून झालंय. यूवर्ल्ड आणि अ‍ॅम्बॉस या दोन्ही प्रश्नपेढ्या घेतल्यात, पॅथोमाचे पॅथॉलॉजीचे व्हिडिओ बघतेय, अँकी अॅपमधली उजळणीची कार्डं साचत चाललीत. आधी सगळं दोनदा वाचावं आणि मग प्रश्नांना हात घालावा, असा विचार आहे. मार्चमध्ये मूलभूत विषयांची स्टेप १, जूनमध्ये क्लिनिकल विषयांची स्टेप २, सप्टेंबरमध्ये रेसिडेन्सीसाठी (हॉस्पिटलमधल्या विशेष प्रशिक्षणासाठी) अर्ज. जमेल का? की एक वर्ष थांबू?

सभासद, प्रिन्स्टन:

नमस्कार. वयाने बरीच मोठी आहे म्हणून 'तू' म्हणते. इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेंट्सना शिकवते, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

वाचन संपायची वाट बघू नकोस. यूवर्ल्ड आजच उघड. रोज ४० प्रश्न, घड्याळ लावून, सगळे विषय मिसळून. त्यांची उत्तरं नीट तपासायला दोन-तीन तास जातात, आणि खरा अभ्यास होतो तो तेव्हाच. बरोबर आलेल्या प्रश्नाचं स्पष्टीकरणही वाच. बाकीचे पर्याय का चूक, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. फर्स्ट एड संदर्भाला शेजारी असू दे. अ‍ॅम्बॉस स्टेप २पर्यंत बाजूला ठेव.

आपल्याकडच्या मुलांचं पॅथॉलॉजी पक्कं असतं. मार्क जातात ते बायोस्टॅटिस्टिक्समध्ये आणि पेशंटशी बोलण्याच्या प्रश्नांत. आपल्या वॉर्डात कॅन्सरचं निदान बरेचदा आधी मुलाला बाहेर बोलावून सांगतात. 'आईला कळू देऊ नका' असं तो म्हणतो आणि आपण मान डोलावतो. इथे निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या पेशंटलाच आधी विचारायचं: तुम्हाला किती जाणून घ्यायचंय, कोणासमोर सांगू? हे नुसतं पाठ करून भागत नाही, घाईत हात जुन्या सवयीच्या उत्तराकडेच जातो. असे पाच प्रश्न तरी रोज सोडव. पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणणं आठवड्याभरात अंगवळणी पडेल, त्याची काळजी नको.

आता तारीख. २६ जानेवारी २०२२पासून स्टेप १चा निकाल फक्त पास-नापास असा लागतो, त्यामुळे रेसिडेन्सी प्रोग्रामांची नजर स्टेप २च्या (पूर्ण नाव स्टेप २ सीके) स्कोअरवर असते. एकदा पास झालीस की तो स्कोअर सुधारायला पुन्हा बसता येत नाही. प्रत्येक स्टेपला जास्तीत जास्त चार वेळा बसता येतं, आणि नापासाची नोंद ट्रान्सक्रिप्टवर राहते.

म्हणून सप्टेंबरपासून उलटं मोज. निकालाला साधारण दोन ते चार आठवडे, म्हणजे स्टेप २ जुलैअखेर तरी व्हायला हवी. मधे ओईटी मेडिसिन ही डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा आणि पाथवेजची, म्हणजे क्लिनिकल कौशल्यं दाखवायची, कागदपत्रं आहेतच. स्टेप १ची तारीख मात्र कॅलेंडर बघून ठरवू नकोस, एनबीएमई या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सराव परीक्षांवरून ठरव. आठवड्याच्या अंतराने दोन वेगळे फॉर्म (सराव प्रश्नसंच) दे. दोन्हींत पास होण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर आली की जा. त्याला मे उजाडला तर यंदाचा अर्ज सोड. पदवीला जास्त वर्षं झाली की काही प्रोग्राम अर्ज बाजूला ठेवतात हे खरं, पण एका वर्षाची ऑब्झर्व्हरशिप (इथल्या डॉक्टरांसोबत राहून काम बघणं) करून ती बाजू सावरता येते. घाईत आलेला कमी स्कोअर सावरता येत नाही.

सभासद, जर्सी सिटी:

ताईंनी लिहिलं ते पटलं. एक भर घालतो. टेलिग्रामवर 'रिकॉल', म्हणजे खऱ्या परीक्षेतले आठवून लिहिलेले प्रश्न, विकणारे भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. जानेवारी २०२४मध्ये नेपाळशी संबंधित काही परीक्षार्थींचे निकाल अशाच फुटलेल्या प्रश्नांच्या संशयावरून रद्द झाले. आणि साचलेली अँकीची कार्डं सरळ स्थगित करा. यूवर्ल्डमध्ये चुकेल तेवढ्याचंच नवं कार्ड.

सभासद, एडिसन:

ताई, दादा, मनापासून आभार. अ‍ॅम्बॉसचं पुढचं नूतनीकरण आत्ताच थांबवलं. येत्या रविवारी एनबीएमईचा पहिला फॉर्म देते आणि आकडा इथेच कळवते. ताई, बायोस्टॅटिस्टिक्स कुठून सुरू करू?

सभासद, प्रिन्स्टन:

सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी आणि रोगाचं प्रमाण बदललं की प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू (टेस्टचा निकाल खरा ठरण्याची शक्यता) कशी बदलते, तिथून. दोन बाय दोनचा तक्ता कागदावर काढून.